विश्लेषण : सांगली-साताऱ्यात बसून अमेरिकी फुटबॉल पाहायचे तर?

सामने मोबाइलवर दिसू शकतात, टीव्हीवरही आणि तेही कायदेशीर मार्गाने. मग अडते कुठे? वेळेत, डेटात, बँकेच्या कार्डात आणि त्याहून अधिक प्रक्षेपण हक्कांच्या कुंपणात. या कुंपणाची झळ अमेरिकी खेळाच्या हौशी प्रेक्षकापेक्षा आपल्याच खेळाडूंच्या गावाला जास्त बसते.

फेब्रुवारीतला एक रविवार अमेरिकेत सणासारखा असतो. त्या दिवशी ‘सुपर बोल’, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा (एनएफएल) अंतिम सामना होतो. २०२५ चा अंतिम सामना एकट्या अमेरिकेत सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. तिथे संध्याकाळी साडेसहाला सामना सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे सोमवारचे पहाटेचे पाच वाजलेले असतात. सांगली-साताऱ्यात ही दूध डेअरीवर पोहोचवण्याची आणि तालमीत जोर-बैठका सुरू होण्याची वेळ. या वेळी उठून हा खेळ पाहणारे आपल्याकडे आहेत का? आहेत. त्यांची संख्या फार नसेल, पण त्यांची कुठे मोजदाद होत नाही, हेही खरे.

इथे हा खेळ पाहतो तरी कोण?

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. या दोन संस्थांतून पदवी घेऊन पुढे ‘एमएस’साठी अमेरिका गाठलेली मुले दोन्ही जिल्ह्यांत गल्लोगल्ली सापडतील. अमेरिकी विद्यापीठात पहिल्याच सप्टेंबरमध्ये त्यांच्या लक्षात येते, की शनिवारी अख्खे गाव मैदानाकडे निघालेले असते. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. तेही महाविद्यालयीन संघांच्या सामन्यासाठी! दोन वर्षांत त्या मुलाला आपला संघ सापडतो. नोकरी संपवून किंवा व्हिसा संपल्यामुळे तो विश्रामबागेत वा कराडात परत येतो, तेव्हा ही आवड त्याच्या सामानाबरोबर येते.

दुसरा गट पालकांचा. मुलगा डॅलसला किंवा मुलगी शिकागोला असेल, तर रविवारच्या व्हिडीओ कॉलमध्ये मागे टीव्हीवर तोच सामना चालू असतो. नातू संघाची जर्सी घालून बसलेला असतो. आजोबांना नियम कळत नसले तरी नातवाचा संघ जिंकला की हरला, हे जाणून घ्यायचे असते. तिसरा गट निव्वळ मोबाइलचा. रील्समधून एखादा अचाट झेल दिसतो आणि पुढचा संपूर्ण सामना कुठे दिसेल, याचा शोध सुरू होतो.

याच्या उलटे चित्र अमेरिकेतही आहे. न्यू जर्सीतला सातारकर भारताचे क्रिकेट सामने ‘विलो’ या वाहिनीवर पैसे मोजून, ऑफिसच्या वेळा सांभाळून पाहतो. परदेशातला खेळ पाहण्याची धडपड दोन्ही बाजूंना सारखीच. फरक एवढाच, की त्याच्यासाठी तिथे स्वतंत्र वाहिनी उभी राहिली. मोठा आणि पैसे मोजणारा प्रेक्षकवर्ग दिसला की वाहिनी येते. इथला प्रेक्षक अजून कुणाला दिसलेला नाही.

हा खेळ भारतात आणण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे मात्र नाही. २०१२ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’चा पहिला हंगाम झाला. त्यात ‘पुणे मराठाज’ आणि ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ असे संघ होते. तो प्रयोग रुजला नाही. खेळ कधीच न पाहिलेल्या लोकांना थेट संघाचे चाहते बनवायला निघाल्यावर दुसरे काय होणार?

कबड्डी कळते, त्याला हे कळेल?

नक्की कळेल. आधी नावाचा गोंधळ बाजूला ठेवू. कोल्हापूरच्या पेठांमध्ये ज्याला फुटबॉल म्हणतात, त्याच्याशी या खेळाचा संबंध जवळपास नाही. इथे चेंडू लंबगोल असतो आणि बहुतेक वेळ हातात असतो. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात आणि मैदानाची खेळाची लांबी १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटरच्या आसपास.

कबड्डीतली चढाई डोळ्यांसमोर आणली की अर्धे काम होते. अमेरिकी फुटबॉलमध्येही खेळ सलग चालत नाही. एक संघ चढाई करतो, समोरचा संघ पकड करतो, खेळ थांबतो, पुन्हा दोन्ही संघ रांगेत उभे राहतात. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचे असते. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात शिरले की ‘टचडाऊन’चे सहा गुण. त्यानंतर खांबांमधून चेंडू मारला की एक गुण जास्त. एवढ्या लांब जाणे जमत नसेल, तर दुरूनच खांबांमधून मारून तीन गुण घेता येतात. बोनस रेषा ओलांडून परतणाऱ्या चढाईपटूचे डोके ज्याला कळते, त्याला चौथ्या प्रयत्नात धोका घ्यायचा की तीन गुणांवर समाधान मानायचे, हा पेच समजावून सांगावा लागत नाही. हीच या खेळाची खरी गंमत.

खेळाचे घड्याळ ६० मिनिटांचे, पण प्रक्षेपण तीन तासांहून लांब. प्रत्यक्ष चेंडू खेळात असण्याचा वेळ तर जेमतेम ११ मिनिटांचा भरतो, असे मोजणी करणाऱ्यांनी दाखवले आहे. उरलेल्या वेळात आखणी, पंचांचे निर्णय, रिप्ले आणि जाहिराती. टीव्हीच्या जाहिरातींसाठी याहून सोयीचा खेळ शोधून सापडणार नाही. नव्या प्रेक्षकाने पहिल्याच दिवशी पूर्ण सामना पाहायला बसू नये, तो कंटाळेल.

सामने आपल्याकडे किती वाजता?

हंगाम सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. ३२ संघ, १८ आठवडे, नियमित हंगामात एकूण २७२ सामने. बहुतेक सामने रविवारी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकला सुरू होणारा सामना आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला लागतो. हा सगळ्यात सोयीचा. त्यापुढचा मध्यरात्रीनंतर १.५५ ला, म्हणजे तो सोडूनच द्यावा. रविवार रात्रीचा मानाचा सामना सोमवारी पहाटे ५.५० ला, सोमवारचा सामना मंगळवारी पहाटे ५.४५ ला आणि गुरुवारचा शुक्रवारी त्याच वेळेला.

इथे एक खाच आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ एक तास मागे घेते. भारत घेत नाही. त्यामुळे दिवाळीच्या आसपास सगळ्या वेळा एका तासाने पुढे सरकतात. साडेदहाचा सामना साडेअकराला, पावणेसहाचा पावणेसातला. म्हणजे हिवाळ्यात मंगळवारचा सामना शाळेच्या रिक्षेच्या वेळेला संपत नाही, तर त्याच वेळेला रंगात येतो. नोकरदाराला हे झेपणारे नाही. पण पहाटे उठण्याची सवय असलेल्या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमधली पावणेसहाची वेळ मुंबई-पुण्यापेक्षा सोयीची म्हणावी लागेल.

लंडनमध्ये होणारे सामने मात्र सगळ्यांना परवडणारे. तिथल्या दुपारी अडीचला सुरू होणारा सामना ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे संध्याकाळी बरोबर सातला येतो. नव्याने पाहणाऱ्याने सुरुवात इथून करावी.

मग मार्ग कोणते?

केबल किंवा डिशच्या नेहमीच्या पॅकवर विसंबून राहावे, असा हा खेळ नाही. भारतात क्रीडा वाहिन्यांची नावे आणि मालक गेल्या दहा वर्षांत इतक्यांदा बदलले, की कोणत्या वाहिनीकडे काय आहे हे केबलवाल्यालाही सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक होऊन ‘जिओहॉटस्टार’ झाले, हे त्यातले सगळ्यात मोठे उदाहरण.

खात्रीचा मार्ग म्हणजे लीगची स्वतःची आंतरराष्ट्रीय सेवा, ‘एनएफएल गेम पास’. २०२३ पासून अमेरिकेबाहेरच्या बहुतेक देशांत ती ‘डॅझोन’ या क्रीडा अ‍ॅपवरून दिली जाते. नियमित हंगामातले सामने थेट, नंतर रेकॉर्ड केलेले आणि सुपर बोल असा तिचा साधारण आवाका. वर्गणी भरण्याआधी हंगाम कोणत्या टप्प्यावर आहे, पूर्ण वर्गणी आणि आठवड्याची वर्गणी यांत काय फरक आहे, हे पाहून घ्यावे. महाविद्यालयीन सामने या सेवेत नसतात. ते वेगळ्या हक्कधारकांकडे असतात आणि भारतातून ते मिळवणे आणखी अवघड. मिशिगनच्या माजी विद्यार्थ्याची खरी पंचाईत इथेच होते.

या सेवेतली सगळ्यात कामाची गोष्ट थेट सामना नाही. मधला सगळा रिकामा वेळ कापून साधारण ४० मिनिटांत बसवलेला सामना तिथे नंतर पाहता येतो. निकालाची बातमी डोळ्यांआड ठेवता आली, तर रात्री जेवणानंतर पाहायला यासारखे दुसरे काही नाही. रविवारी रात्री ज्याला थेटच पाहायचे आहे, त्याच्यासाठी ‘रेडझोन’ नावाचा कार्यक्रम. एकाच वेळी चालणाऱ्या सामन्यांपैकी जिथे गुण होण्याची शक्यता आहे, तिथे तो उडी मारत राहतो.

ज्यांच्या घरी नेटफ्लिक्स आहे, त्यांच्यासाठी नाताळ. २०२४ पासून २५ डिसेंबरचे सामने नेटफ्लिक्सने जगभर दाखवायला सुरुवात केली. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांच्यासाठी यूट्यूब. लीगच्या अधिकृत चॅनेलवर प्रत्येक सामन्याचे ठळक क्षण फुकट येतात.

यूट्यूबचे एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात कॅन्सस सिटी चीफ्स आणि लॉस एंजलिस चार्जर्स यांच्यात सामना झाला. तो यूट्यूबने जगभर फुकट दाखवला. भारतात तेव्हा शनिवार, ६ सप्टेंबरच्या पहाटेचे साडेपाच वाजले होते. त्या दिवशी अनंत चतुर्दशी! सांगली-साताऱ्यातली तरुण मंडळी विसर्जनाच्या तयारीत असणार, सामना कोण पाहणार? पण तो पाहायला ना कार्ड लागत होते, ना वर्गणी, ना व्हीपीएन. सरासरी १ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. हक्कधारकाने ठरवले तर जगातल्या कोणत्याही गावात खेळ पोहोचवणे आज तांत्रिकदृष्ट्या किती सोपे आहे, हे त्या एका पहाटेने दाखवून दिले. म्हणजे उरलेल्या वेळी जे दिसत नाही, ते कुणीतरी दाखवायचे नाही असे ठरवल्यामुळे.

मोबाइलवरून टीव्हीवर कसे आणायचे?

स्मार्ट टीव्ही असेल तर अ‍ॅप थेट टीव्हीवर घ्यावे. नसेल तर टीव्हीला लागणारी स्ट्रीमिंग स्टिक किंवा लॅपटॉपपासून एचडीएमआय केबल. मोबाइलची स्क्रीन नुसती ‘मिरर’ केली तर काही अ‍ॅप चित्र काळे करतात. तो बिघाड नसून कॉपीची भीती असते.

खरा प्रश्न डेटाचा. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला सुमारे १ जीबी, एचडीला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. सव्वातीन तासांचा सामना एचडीत पाहिला तर १० जीबीच्या जवळ. रोज दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये हे बसत नाही, दुसरा टप्पा संपायच्या आत चित्र गोठते. फायबर जोडणी असलेल्या घराला अडचण नाही. मोबाइलच्या डेटावर पाहणाऱ्याने चित्राचा दर्जा हाताने खाली आणावा, नाही तर ४० मिनिटांचा सामना पाहावा. साध्या दर्जात तो १ जीबीच्या आत संपतो.

पैसे भरताना गाडी कुठे अडते?

गावाकडचा ग्राहक बहुतेक वेळा इथेच गळतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून दिल्या जाणाऱ्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते स्वतः सुरू करावे लागतात. फसवणूक टाळण्यासाठी हा नियम चांगलाच आहे. पण अनेकांना तो माहीत नसतो. ‘पेमेंट फेल’ असे दिसले की कार्ड खराब झाले, असा समज होतो. त्यात दोन्ही जिल्ह्यांत सहकारी बँकांचे खातेदार मोठ्या संख्येने. त्यांच्या हातात असते ते देशांतर्गत वापराचे रुपे कार्ड, जे परदेशी संकेतस्थळावर चालेलच असे नाही.

यावर एक सरळ उपाय आहे. अ‍ॅपमध्ये प्ले स्टोअरच्या बिलातून वर्गणी घेण्याची सोय दिसत असेल, तर तिथे यूपीआयने पैसे भरता येतात. मात्र ही वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. १५ हजार रुपयांपर्यंतच्या अशा आवर्ती व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागत नाही. पैसे जाण्याच्या २४ तास आधी बँकेने सूचना द्यायची असते, पण तो संदेश जाहिरातींच्या ढिगात कोण वाचतो? सुपर बोल संपला की त्याच सकाळी वर्गणी बंद करावी. एक काळजी मित्रमंडळींसाठी. अशी वर्गणी वैयक्तिक वापरासाठी असते. क्रिकेटच्या अंतिम सामन्याला चौकात लावतात तसा मोठा पडदा त्या वर्गणीवर लावता येत नाही.

आणि फुकटची लिंक?

सामन्याच्या आदल्या दिवशी टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक फिरू लागतात. बहुतेक लिंक एखादे अ‍ॅप प्ले स्टोअरबाहेरून ‘एपीके’ फाइल म्हणून घ्यायला सांगतात. तिथेच थांबावे. असे अ‍ॅप संदेश वाचण्याची, स्क्रीन पाहण्याची परवानगी मागते आणि सामन्याच्या घाईत माणूस ‘अलाऊ’ दाबून मोकळा होतो. संदेश वाचता आले म्हणजे ओटीपी वाचता आला आणि ओटीपी गेला म्हणजे खाते गेले. चोरीचे प्रक्षेपण हा कॉपीराइट कायद्याचा भंग आहेच. पण त्या नैतिक प्रवचनापेक्षा हा व्यवहार जास्त समजण्यासारखा आहे. वर्गणी वाचवायला गेलेल्या माणसाचे पीककर्जाचे पैसे ज्या खात्यात येतात, ते खाते रिकामे होऊ शकते.

व्हीपीएनचे काय? भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. कंपन्या तो रोज वापरतात. पण आपण अमेरिकेत बसलो आहोत असे भासवून तिथली सेवा पाहणे, हा त्या सेवेच्या अटींचा भंग आहे. खाते बंद होऊ शकते, पैसे परत मिळत नाहीत. शिवाय २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवायला सांगितले. त्यानंतर अनेक नामांकित कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हर हलवले. फुकटचा व्हीपीएन तर त्याहून वाईट. तो चालवण्याचा खर्च कुणीतरी करतच असतो आणि बदल्यात काय घेतो, हे सांगत नाही.

कुंपण कुणाच्या शेताला?

क्रीडा प्रक्षेपणाचे हक्क देशानुसार विकले जातात. एका देशात ज्याने हक्क घेतले, त्याच्याशिवाय दुसऱ्याने तिथे दाखवायचे नाही. त्यासाठी इंटरनेटवर ‘जिओ-ब्लॉकिंग’ असते. ज्याने एवढे पैसे मोजले, त्याने कुंपण घालावे यात गैर काही नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा एखाद्या देशातले हक्क कुणी घेऊन ठेवतो आणि दाखवत मात्र नाही, किंवा घेतच नाही. मग शेत पडीक राहते आणि कुंपण तसेच उभे असते.

अमेरिकी फुटबॉलबाबत हे सोसता येईल. ती हौस आहे. पण हेच गणित साताऱ्याच्या अदिती स्वामीला लागू होते, तेव्हा तो हौसेचा विषय राहत नाही. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये १७ वर्षांच्या अदितीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असे हरवून कंपाउंड धनुर्विद्येचे जगज्जेतेपद मिळवले. त्याच दिवशी साताऱ्यातच सराव करणाऱ्या ओजस देवतळेने पुरुषांचे जगज्जेतेपद जिंकले. एका शहराच्या सरावकेंद्रातून एकाच दिवशी दोन जगज्जेते! साताऱ्यात हा क्षण थेट किती जणांनी पाहिला असेल? बहुतेकांपर्यंत तो दुसऱ्या दिवशी, एका मिनिटाच्या क्लिपमधून पोहोचला असावा. जागतिक धनुर्विद्या संघटनेची ‘आर्चरी प्लस’ ही सशुल्क ऑनलाइन सेवा आहे. म्हणजे अमेरिकी लीगसारखाच मार्ग, तेच इंटरनॅशनल कार्ड, तोच डेटा. आपल्या शेजारच्या मुलीला पाहण्यासाठी!

याउलट सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचा सचिन खिलारी. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्याने १६.३२ मीटर गोळा फेकून एफ४६ गटात रौप्यपदक जिंकले. पॅरालिम्पिक दूरदर्शनवर होते, मोबाइलवरही होते. करगणीत त्याचे नातेवाईक आणि गावकरी घरच्या टीव्हीवर, मोबाइलवर पाहू शकत होते. अदिती आणि सचिन यांच्यात फरक गुणवत्तेचा नव्हता, स्पर्धेच्या नावाचा होता.

खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा कराडजवळच्या गोळेश्वरमध्ये ते पाहण्याचा प्रश्नच नव्हता. भारतात दूरचित्रवाणी आली १९५९ मध्ये, मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये. गावाला नंतर कळले आणि गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. ते तेव्हा ठीक होते. आज प्रत्येक खिशात पडदा असताना जिंकल्यावरच मिरवणूक काढायची आणि झुंज मात्र पाहायची नाही, हे कसे चालेल? लहान मुलाला खेळाकडे ओढते ती झुंज. हार पडल्यानंतरच्या सत्काराने फार तर फोटो मिळतो.

कायदा काय म्हणतो?

२००७ च्या क्रीडा प्रक्षेपण सिग्नल कायद्यानुसार सरकारने ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ म्हणून अधिसूचित केलेली स्पर्धा खासगी वाहिनीकडे असली, तरी तिचे सिग्नल प्रसार भारतीला द्यावे लागतात. या यादीचा भर ऑलिम्पिक, आशियाई, राष्ट्रकुल स्पर्धा, भारताचे मर्यादित षटकांचे क्रिकेट सामने, हॉकी आणि फुटबॉल विश्वचषकातले महत्त्वाचे सामने यांवर आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हे सिग्नल दूरदर्शनचे स्वतःचे प्रक्षेपण आणि ‘फ्री डिश’ एवढ्यासाठीच आहेत, खासगी केबलवरून ते देता येणार नाहीत. मासिक वर्गणी नसलेली फ्री डिश माण, खटाव, जत, आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर मोठ्या प्रमाणात आहे. म्हणजे यादीत नाव असेल तर दुष्काळी तालुक्यातल्या शेवटच्या घरापर्यंत स्पर्धा पोहोचते. नसेल तर तिथे ती जवळजवळ घडतच नाही.

त्यामुळे यादी क्रिकेटपुरती नीट आणि इतर खेळांपुरती हात आखडून ठेवण्यात अर्थ नाही. कोणत्याही खेळाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय खेळाडू पदकाच्या लढतीत पोहोचला, तर ती लढत आपोआप यादीत आली पाहिजे. खासगी कंपनीचे यात फार नुकसान नाही. धनुर्विद्येच्या अंतिम लढतीसाठी जाहिरातदारांची रांग लागलेली नसते. आणि समालोचनाचा खर्च म्हणाल, तर २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने मराठीसह डझनभर भाषांत समालोचन दिले होते. ते जमते, हे सिद्ध झालेले आहे.

२०२८ मध्ये काय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले होते. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटबरोबर ‘फ्लॅग फुटबॉल’ला प्रवेश देण्याचा निर्णय तिथेच झाला. हा अमेरिकी फुटबॉलचा धडकाधडकी नसलेला प्रकार. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू, कमरेला पट्ट्या लावलेल्या. चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरेची पट्टी ओढली की चढाई संपली. शिरस्त्राण नको, महागडे पॅड नकोत. हुलकावणी द्यायची, कोपऱ्यातून निसटायचे, कंबर वाचवायची. वाळवा, तासगाव, पलूसच्या कबड्डीच्या मैदानांवर यात नवे काय आहे?

एप्रिल २०२५ मध्ये याच ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड धनुर्विद्येचा मिश्र सांघिक प्रकारही घेतला गेला. म्हणजे अदिती ज्या प्रकारात जगज्जेती झाली, तो धनुष्यप्रकार पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये दिसेल. ऑलिम्पिक यादीत असल्यामुळे दूरदर्शनवर येण्याचा मार्ग कायद्याने मोकळा आहे. पण तिथे पोहोचण्याआधी प्रत्येक विश्वचषक, प्रत्येक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, प्रत्येक पात्रता फेरी लागेल आणि या स्पर्धांना तो मार्ग आपोआप मोकळा होत नाही. यादीत भर घालण्यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. केंद्र सरकारची एक अधिसूचना पुरते. दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांना ही मागणी करण्यासाठी २०२८ ची वाट पाहायचे कारण नाही.